नळीतून उतरलं पाहिजे

अमरावतीच्या एमआयडीसीत मला ‘धास्तीवाल्या बाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं. नाव खोटं नव्हतं, त्यामुळे मी कधी भांडले नाही. गिऱ्हाइकाला होमोजिनायझर निवडून देणं हा माझा धंदा. निवडताना जीव खालीवर, यंत्र ट्रकमधून उतरवताना खालीवर, आणि चालू झाल्यावर तर फोन वाजला की काहीतरी बिघडलंच असणार. दुसरं एखादं निवांत काम का नाही धरलं, असं घरच्यांनी खूपदा विचारलं. सुचलं नाही, एवढंच उत्तर आहे.

होमोजिनायझर म्हणजे काय, हे माझ्या नणंदेला अजून पटलेलं नाही. ती चारचौघांत सांगते, “वहिनी मिक्सर विकायच्या.” मिक्सर ढवळतो, आणि ढवळलेलं घटकाभरात पुन्हा आपापल्या जागी जातं. तेल वर येतं, गाळ खाली बसतो. होमोजिनायझर ढवळत नाही, फोडतो. अंगणात पाणी शिंपडताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार कशी सुसाट निघते, तसंच इथं होतं. फक्त अंगठ्याच्या जागी पोलादी व्हॉल्व्ह असतो, फट केसाहून बारीक असते, आणि मागून तीन दांडे दूध असं रेटतात की त्या फटीत स्निग्धाच्या गोळ्यांचा चक्काचूर होतो. मग ते वर यायचं नाव घेत नाहीत. दूध, फळांचे रस, सॉस, औषधाची सिरपं, मलमं, सगळ्याला हे यंत्र लागतं.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, “किती प्रेशरचं आहे?” जणू बैलजोडीच बघायला आलेत. जास्त प्रेशर म्हणजे जास्त चांगलं, ही समजूत काढता काढता माझे केस पिकले. जास्त प्रेशरनं माल तापतो, काही पदार्थ उलट घट्ट होतात आणि यंत्र लवकर झिजतं. अचलपूरच्या एका डेअरीवाल्यानं माझं न ऐकता शहरी पिशवीसारखं दूध काढायचं ठरवलं. दूध झालं सुंदर. दुसऱ्या दिवशी बाया तापवलेल्या दुधाची पातेली घेऊन दुकानात हजर. “भाऊ, साय कुठी गेली?” साय नाही म्हणजे लोणी नाही, लोणी नाही म्हणजे तूप नाही, आणि मग ती साय या माणसानं काढून विकली, हे उघडच आहे. व्हॉल्व्ह, फट, चक्काचूर वगैरे मी त्या बायांना समजावायला गेले, तर एकीनं मलाच विचारलं, “तुमाले किती हिस्सा देते हा?” बिचाऱ्यानं घरगुती दुधाचं होमोजिनायझिंग बंद केलं आणि यंत्र मसाला दुधाला लावलं.

भातकुलीकडे पाण्यानं घात केला. तो सगळा खारपाणपट्टा. यंत्राच्या दांड्यांवर गारव्यासाठी सतत पाणी सोडावं लागतं. तिथल्या बोअरच्या पाण्यानं दांड्यांवर पांढरी खरखरीत पुटं चढली, त्यांनी दांड्यांभोवतीचं गळती अडवणारं पॅकिंग फाडलं, आणि दूध यंत्राच्या पोटातून जमिनीवर. तेव्हापासून मी कुठल्याही कारखान्यात गेले की यंत्राची गोष्ट काढायच्या आधी नळाखाली ओंजळ धरून पाणी चाखते. लोकांना वाटे, बाईला तहान लागली. कुणी कुणी चहा मागवत.

म्हणजे विचारायचं काय आणि बघायचं काय, हे मला ठाऊक होतं. पाणी कसं आहे? धुणार कोण? बिघडलं तर माणूस किती लांबून येणार? आणि मुख्य म्हणजे, मालात काय काय पडतं? या शेवटच्या प्रश्नावर सगळी निवड उभी असते. आणि त्याचं पुरं उत्तर गिऱ्हाईक कधीच देत नाही.

शोभा गावंडे माझ्याकडे आली ती मसाला दुधाची गिऱ्हाईक म्हणून नव्हे. एमआयडीसीत तिचा मसाला दूध आणि ताकाच्या बाटल्यांचा छोटा कारखाना होता, तो बरा चालत होता. नवरा वसंतराव, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. शेवटी जबड्याचं ऑपरेशन झालं, जिभेचाही काही भाग गेला. गिळणं बंद, बोलणं कळेनासं. नाकातून पोटात नळी घातली आणि जे काही पोटात जाईल ते त्या नळीतूनच. पुढचे उपचार सुरू करायचे तर अंगात ताकद हवी, आणि ताकद यायची तर ती नळी नाकात टिकायला हवी.

शोभा त्यांच्यासाठी मुगाची डाळ, तांदूळ, दूध, थोडं तेल असं शिजवून, वाटून, गाळून द्यायची. आहार ठरवणाऱ्या बाईंनी पदार्थ लिहून दिले होते. पण मिक्सरचं वाटलेलं खाली बसे, नळी तुंबे. नळी तुंबली की काढायची आणि नवी घालायची. ती नाकातून, सुजलेल्या घशातून खाली जाताना त्या माणसाचं काय होतं, हे शोभानं मला एकदाच सांगितलं.

“ताई, मांगच्या बारीले त्याईनं दोनी हात जोडले डॉक्टरले. आता निघाली तं पुन्हा नाई घालू देत म्हनते. खुणेनं सांगतलं. मले समजलं, डॉक्टरलेही समजलं.”

मी विचारलं, “तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हनू? नळी तुंबली नाई पाह्यजे, इतकंच मनते मी. तुमी यंत्र सांगा.”

दवाखान्यातल्या इतर रुग्णांच्या बायकाही तिच्याकडे मागायला लागल्या होत्या. घरात हे वाटणं कुणालाच झेपत नव्हतं. म्हणून तिला यंत्रच घ्यायचं होतं. दुधाच्या कामासाठी पुढेमागे लागणारच होतं, हा तिचा हिशोब. माझ्या मनात मात्र दूध नव्हतंच. आजवर माझी निवड चुकली तर माल फाटायचा, साय जायची, पॅकिंग फाटायचं. इथं चुकली तर एक माणूस नळी उपटून भिंतीकडे तोंड करून पडणार होता. त्या दिवसापासून मला धड झोप लागेना.

पुण्याकडच्या एका विक्रेत्यानं तिला आधीच सगळ्यात जास्त प्रेशरचं यंत्र गळ्यात मारायची तयारी केली होती. “मॅडम, इतकं बारीक करतं की पाणीच समजा.” मी म्हटलं, पाणी समजणार नाही, पाणी करून बघणार. तिला शिजवून आणायला सांगितलं आणि तो डबा बर्फात घालून मी अकोल्याची एसटी पकडली. डबा मांडीवर. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, “खीर हाय का?” मी हो म्हटलं. दवाखान्याचं नाव काढायला जीभच रेटेना.

अकोल्याच्या एमआयडीसीत सलीमभाईंचं वर्कशॉप. जुनी यंत्रं दुरुस्त करतात, आणि त्यांच्याकडे चाचणीपुरतं एक लहान यंत्र आहे, त्यात व्हॉल्व्ह बदलून बघता येतो. माझी निम्मी अब्रू त्या यंत्रानं राखली आहे. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी मेडिकलमधून वसंतरावांच्या मापाची नळी मागवली. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, त्याच्या खिळ्याला बाटली टांगली, नळी लावली आणि खाली स्टीलचा पेला ठेवला.

पहिल्यांदा विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे जबर प्रेशर दिलं, एकाच व्हॉल्व्हमधून. माल असा मऊसूत झाला की मला वाटलं, सुटलो. बोटांत चोळला तर कण नाही. बाटलीत भरला, नळी सोडली. एक थेंब, दुसरा थेंब, आणि तिसरा नळीच्या तोंडाशी लोंबत राहिला.

“बारीक तं झालं मॅडम,” सलीमभाई म्हणाले, “मगर चालून नाई रायलं.”

डाळ-तांदळाचं असंच आहे. जितकं बारीक फोडाल तितकं ते पाणी धरून फुगतं. शिवाय फुटलेले कण पुढे जाऊन पुन्हा एकमेकांना चिकटतात, त्यांचे घोस होतात. त्यासाठी दोन टप्प्यांचा व्हॉल्व्ह असतो. पहिला फोडतो, दुसरा हलक्या दाबानं ते घोस सोडवतो. आम्ही प्रेशर उतरवत उतरवत निम्म्यावर आणलं, दुसरा टप्पा लावला, आणि पुन्हा नळी सोडली. पेल्यात बारीक, अखंड धार लागली. सलीमभाई स्टुलावर बसून त्या धारेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “इसको रातभर रख देते. सुबेतक बैठा नाई, तो लेना.” सकाळी त्यांचा फोन आला. बसलं नव्हतं.

दोन टप्प्यांचं, मध्यम दाबाचं यंत्र शोभानं घेतलं. कारखान्यातलं पाणी मी चाखलं, तरी दांड्यांसाठी शुद्ध पाण्याची वेगळी टाकी बसवून घेतली. धुणं कसं करायचं ते स्वतः उभं राहून शिकवलं. इतर रुग्णांच्या घरांतून निरोप येऊ लागले, छान उतरतं, तुंबत नाही. मी सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात शोभाचा फोन आला.

“ताई, त्यायची नळी चालून नाई रायली.”

बाकी कुणाचीच नाही, फक्त वसंतरावांचीच. मी रिक्षा करून तिच्या घरी गेले. वसंतराव पलंगावर बसलेले. शोभा पिचकारीनं नळीत कोमट पाणी ढकलत होती, ओढत होती, पुन्हा ढकलत होती. पाणी जात नव्हतं. आणि वसंतरावांनी नाकाशी ती नळी दोन बोटांत धरली होती. दुखू नये म्हणून धरली असेल असं मला आधी वाटलं. मग कळलं, ते उपटायच्या तयारीत होते. बायको थांबली की झालं.

मी दारातच उभी राहिले, आत जायची हिंमत होईना. शोभा त्यांच्याकडे बघत नव्हती. पिचकारीकडेच बघत, अगदी रोजच्या आवाजात बोलत होती, “थांबा जरासे. होऊन रायलं. थांबा.” बऱ्याच वेळानं पिचकारीचा दट्ट्या सरकला. पाणी गेलं. वसंतरावांनी बोटं काढली, पण हात खाली ठेवला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी शोभाला घेऊन तडक कारखान्यात गेले आणि सलीमभाईंना बोलावून घेतलं. ते येईपर्यंत मी यंत्राभोवती फिरत होते. दाब चुकला? दुसरा टप्पा सैल झाला? तांदूळ बदलला? सलीमभाईंनी व्हॉल्व्ह उघडला, तो ज्यावर टेकतो ती सीटची कडी काढून उजेडात धरली. धार जिथून फुटते त्या आरशासारख्या कडेवर बारीक बारीक ओरखडे होते. एका जागी काळा कण रुतला होता. त्यांनी तो सुईनं काढून तळहातावर घेतला, नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला.

मोहरी.

मी शोभाकडे बघितलं. ती ओट्यावरचं फडकं घेऊन स्वच्छ असलेली टाकी पुसायला लागली.

“शोभाताई, हे काय आहे?”

“तेच.”

“तेच म्हणजे?”

“फोडनी,” ती म्हणाली. “फक्त त्यायच्यात. सगळ्यायचं आधी काढतो, मंग त्यायचं शेवटी काढतो. त्याच्यात टाकतो.”

माझा पारा चढला. चढणारच. अकोल्याला जाऊन खिळ्याला बाटल्या टांगल्या, सगळं मापून घेतलं, आणि ही बाई आख्खी मोहरी आणि जिरं यंत्रात ओतते. मिठाच्या दाण्यालाही मी भिते, आणि ही मोहरी. “अहो, त्यांना चव लागते का? नळी थेट पोटात जाते. कशासाठी?” मी नको इतक्या जोरात बोलले.

शोभानं फडकं पिळलं. “मले ठाऊक हाय, चव नाई लागत. पन ताई, डाळ हाय ते. घरची डाळ. बिनफोडनीची डाळ लग्न झाल्यापासून कधी नाई वाढली मी त्याईले. बिनफोडनीचं म्हंजे मंग आंबोनच झालं ना, ढोराचं. बाटली टांगाची, ढोरावानी भराचं. माह्या हातानं होत नाई ते.” आणि मग खालच्या आवाजात, “तुमाले सांगतलं असतं तं तुमी नाई म्हनल्या असत्या.”

नाही म्हटलंच असतं. अकोल्याला नेलेल्या डब्यात तिनं म्हणूनच साधी डाळ घातली होती. पाहुण्यांकडे पाठवावी तशी, सगळं नीट. खरी डाळ घरात ठेवली होती. मी इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांना नाना प्रश्न विचारले. पाणी, साखर, रंग, गोंद, सगळं. फोडणी घालता का, असं कारखान्यात उभं राहून मी कुणाला विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर लोक हसलेच असते.

सलीमभाई सीट पुसत म्हणाले, “फोडनीतलं तेल तं नरम चीज आहे मॅडम. झगडा दान्याचा आहे.”

बरोबर होतं. तेल फोडायलाच तर हे यंत्र जन्माला आलं. पण मी लगेच होकार दिला नाही. मला इतकं चटकन काही सुचतच नाही, आधी सगळं वाकडं सुचतं. तेलात बारीक टरफलं उरली तर? हिंग आतड्याला झोंबलं तर? आहार ठरवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. मोजलेल्या तेलातलंच तेल फोडणीला वापरा, तिखट अजिबात नको, जिरं-हिंग चालेल, म्हणाल्या. मग शोभानं कढल्यात तेल तापवलं, जिरं, मोहरी, हिंग घातलं, तडतडू दिलं, आणि मी ते दुहेरी मलमलीतून गाळलं. गाळलेलं पुन्हा गाळलं. शोभाला वाटलं आता झालं, मी तिसऱ्यांदा गाळलं. नवी सीट बसवली. गरम डाळीत ते तेल सोडून यंत्रातून काढलं. तेलाचा एक तवंग वर नाही. कारखान्यातच खिळा शोधून बाटली टांगली, तशीच नळी लावली. धार लागली. मी ती धार संपेपर्यंत उभी राहिले. सलीमभाई म्हणाले, “आता तं बसा.”

घरी न्यायची वेळ आली तेव्हा मी जायला नको म्हणत होते. शोभानं ऐकलं नाही. “तुमी नाई आल्या तं मी नाई देत.”

वसंतराव तसेच बसलेले. बाटली बघितली आणि त्यांचा हात पुन्हा नळीवर गेला. दोन बोटांची तीच चिमटी. शोभानं बाटली टांगली, नळी जोडली, चाप सैल केला. खोलीत हिंग-जिऱ्याचा वास सुटला. मी बाटलीतल्या पातळीकडे डोळे लावले. हलत नाहीये, हलत नाहीये, असं मनात म्हणत होते आणि ती हलत होती. खाली जात होती. शोभाचे ओठ हलत होते, नामस्मरण चाललं असावं. बाटली रिकामी झाली. तिनं वर पाणी सोडलं, तेही निघून गेलं. वसंतरावांची बोटं नळीवर होती तशीच होती. मला रडू येईल की काय असं झालं, कारण उतरलं होतं, पण तेवढ्यानं त्यांचं मन फिरलेलं दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांना ढेकर आला. लहानसा. त्यांनी डोळे मिटले. मग भुवया आकसल्या. ते काहीतरी आठवत असल्यासारखे बसून राहिले, आणि तोंड किंचित हललं, जे काही उरलं होतं ते. नळीवरचा हात खाली आला. तो त्यांनी शोभापुढे धरला आणि अंगठा तर्जनीवर चोळला, एकदा, दोनदा, सोलल्यासारखा.

मला वाटलं, काही दुखतंय. मी उठायला लागले.

शोभा बघत राहिली. “लसून?” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली.

“नाई टाकला आज. घाईत रायला.” एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला, आणि खांदे गदगदायला लागले. वसंतरावांनी वैतागून पुन्हा बोटं चोळली. लसूण. डाळीत लसूण नाही.

ती डोळे पुसत स्वयंपाकघराकडे निघाली, दारात थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, संध्याकाळच्याले टाकू?”

“टाक,” मी म्हटलं. “गाळून टाक.”